गस्सान कनफानी: बातमी, अग्रलेख आणि कादंबरी

प्रश्न असा आहे: पॅलेस्टिनी लेखक गस्सान कनफानीची ओळख सगळीकडे 'पत्रकार, पुढे राजकीय लेखक आणि कादंबरीकार' अशी दिलेली असते. पत्रकारितेतून तो कादंबरीकडे कसा वळला? वर्तमानपत्री लेखनामुळे त्याच्या कादंबरीचा फायदा झाला की नुकसान? आणि अरबी येत नसेल तर वाचायला सुरुवात कुठून करावी?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. तो वळलाच नाही. आधी बातमीदारी, मग राजकारण, मग साहित्य अशा पायऱ्या त्याच्या आयुष्यात शोधायला गेलात तर सनावळ्यांचा मेळच बसत नाही. १९६० मध्ये तो बैरूतला आला आणि ८ जुलै १९७२ रोजी तिथेच मारला गेला. या बारा वर्षांत तिन्ही कामं एकाच वेळी चालू होती. 'उन्हातली माणसं' ही कादंबरी १९६३ ची, आणि त्याच सुमारास तो 'अल-मुहर्रिर' या दैनिकाच्या संपादकाच्या खुर्चीत बसला. 'तुमच्यासाठी उरलेलं' ही कादंबरी १९६६ मध्ये आली, त्याच वर्षी प्रतिकाराच्या साहित्यावरचं त्याचं अभ्यासपर पुस्तक आलं, आणि त्याच वर्षी 'अल-हवादिस' या साप्ताहिकात त्याची एक खूनकथा क्रमशः छापून येत होती. १९६९ मध्ये 'अल-हदफ' साप्ताहिक सुरू झालं आणि 'उम्म सअद' व 'हैफाकडे परत' या दोन्ही कादंबऱ्याही आल्या. कनफानी समजून घ्यायचा तर कागदाचे तीन रकाने आखा: कुठल्या वर्षी कुठलं वर्तमानपत्र, कुठलं राजकीय लेखन, कुठली कथा-कादंबरी. अर्ध्या तासात जे दिसतं ते बहुतेक परिचयलेखांत सापडत नाही.

ते न सापडण्याचं कारणही साधं आहे. मृत्यूनंतर त्याच्या नावे उभ्या राहिलेल्या सांस्कृतिक प्रतिष्ठाननं समग्र वाङ्मय चार खंडांत काढलं: कादंबऱ्या, कथा, नाटकं आणि साहित्यविषयक अभ्यास. वर्तमानपत्री लेखन या चार खंडांत नाही. अनेक टोपणनावांनी लिहिलेले स्तंभ, पुरवण्या, अग्रलेख वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत पडून राहिले. 'फारिस फारिस' या नावानं 'अल-अन्वर' या दैनिकाच्या पुरवणीत तो पुस्तकांवर चावरं, खट्याळ लिहायचा. ते लेखन पुस्तकरूपात यायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. त्यामुळे वाचकांच्या पिढ्यांसमोर जो कनफानी आला तो आधीच निवडलेला, गंभीर चेहऱ्याचा. हसवणारा कनफानी बहुतेकांना भेटलेलाच नाही, आणि माझ्या मते हे नुकसान लहान नाही.

आता चरित्र, कामापुरतं. जन्म एप्रिल १९३६, पॅलेस्टाइनमधलं अक्का. वडील वकील. शाळा याफामधली, फ्रेंच मिशनऱ्यांची. १९४८ मध्ये, इस्रायलच्या स्थापनेवेळच्या युद्धात, कुटुंब लेबनॉनमार्गे सीरियात आलं आणि बारा वर्षांचा हा मुलगा वकिलाच्या घरातून निर्वासितांच्या रांगेत आला. दमास्कसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या शाळेत तो शिकवू लागला. चित्रकलाही शिकवायचा, कारण हात चांगला होता. पुढे त्याच हातानं त्यानं पोस्टरंही काढली. दमास्कस विद्यापीठात अरबी साहित्याला प्रवेश घेतला, पण राजकीय संबंधांमुळे काढून टाकण्यात आलं. पुढे पॉप्युलर फ्रंट ही संघटना उभी करणाऱ्या जॉर्ज हबशशी ओळख याच काळातली. हबशच्या अरब राष्ट्रवादी चळवळीच्या पत्रांत लिहिणं ही त्याची पत्रकारितेतली उमेदवारी. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर तो शिक्षक म्हणून कुवेतला गेला. तिथेच गंभीर मधुमेह निघाला आणि इन्सुलिनची सुई जन्माची सोबतीण झाली. १९६० मध्ये हबशच्या सांगण्यावरून बैरूत, 'अल-हुर्रिया' साप्ताहिकात काम. १९६१ मध्ये आनी होवर या डॅनिश शिक्षिकेशी लग्न.

संपादक म्हणून त्याची नजर कशी होती याचा दाखला याच सुरुवातीच्या काळातला आहे. लेबनॉनमधल्या ऐन अल-हिल्वे या निर्वासितांच्या छावणीत एका तरुणाची चित्रं त्याच्या पाहण्यात आली आणि त्यानं ती 'अल-हुर्रिया'त छापली. तो तरुण म्हणजे नाजी अल-अली, पुढे अरब जगातला सर्वांत नावाजलेला व्यंगचित्रकार.

कुवेतचा काळ मात्र चरित्रकार दोन ओळींत उरकतात, आणि सगळं खत तिथलंच आहे. तेलामुळे कुवेतमध्ये पैसा होता, काम होतं, आणि कागदपत्रं नसलेला पॅलेस्टिनी माणूस तिथे पोचायला बसऱ्याहून वाळवंट ओलांडत होता. त्यासाठी दलाल होते, दर ठरलेले होते, वाटेत सोडून पळणारे वाटाडे होते. शिक्षकाच्या नोकरीत असलेल्या कनफानीच्या आजूबाजूला ही वाट तुडवून आलेली माणसं होती. १९६२ मध्ये बैरूतमध्ये स्वतःकडे वैध कागद नसल्यानं त्याला काही आठवडे घरात लपून राहावं लागलं. बाहेर पडता येत नव्हतं, वर्तमानपत्राचं काम थांबलं होतं. 'उन्हातली माणसं' त्याच सक्तीच्या सुट्टीत लिहून झाली. कागद नसलेल्या माणसांची गोष्ट कागद नसलेल्या माणसानं लिहिली, एवढं लक्षात घेतलं तरी पुरे.

आता दुसरा प्रश्न, फायदा की तोटा. फायदा कुठे झाला ते याच कादंबरीत बोट ठेवून दाखवता येतं.

कादंबरीचे सात भाग आहेत. पहिले तीन तीन माणसांच्या नावांचे: अबू कैस, असअद, मरवान. पुढचे चार: सौदा, रस्ता, ऊन आणि सावली, कबर. पहिले तीन भाग वाचताना बातमीदाराची वही समोर दिसते. प्रत्येक माणसाचं वय, मागे राहिलेलं घर, अंगावरचं कर्ज, आणि मुख्य म्हणजे पैसा कुठून आला. असअदला काकानं पन्नास दिनार दिलेत, ते आपल्या मुलीशी लग्न करेल या हिशेबानं. आधीच्या एका दलालानं त्याच्याकडून वीस दिनार घेऊन त्याला एच-फोर या ठाण्याजवळ उतरवलंय, 'वळसा घालून चालत ये, पुढे गाडी उभी असेल' असं सांगून. गाडी अर्थातच नव्हती. मरवान सोळा वर्षांचा. कुवेतमधल्या थोरल्या भावानं लग्न केलं आणि घरी पैसे पाठवणं बंद केलं. बापानं बायको-मुलांना सोडून एक पाय गमावलेल्या एका बाईशी लग्न केलं, कारण तिच्याकडे पक्क्या छताचं घर होतं. बसऱ्यातला जाडा दलाल पंधरा दिनार मागतो. टँकरचा ड्रायव्हर अबुल खैझुरान दहा म्हणतो, आणि मरवानला बाजूला घेऊन पाचात न्यायचं कबूल करतो, बाकीच्यांना न सांगण्याच्या अटीवर. रत्नागिरी-रायगडच्या ज्या घरांतून माणसं आखातात गेली, त्यांना एजंटच्या या हिशेबावर टीप द्यायची गरज नाही.

मग टँकर. पाण्याचा, पण रिकामा. ऑगस्ट महिना. मध्ये सरहद्दीची दोन नाकी: सफवान आणि मुतला. नाकं जवळ आलं की तिघांनी आत उतरायचं, शर्ट काढून ठेवायचे, वरून झाकण. ड्रायव्हरनं सांगितलेला हिशेब सहा-सात मिनिटांचा. सफवान पार पडतं. आतून बाहेर येणारी माणसं कशी दिसतात ते कनफानी तिथेच दाखवतो, म्हणजे दुसऱ्या खेपेला काय पणाला लागलंय हे वाचकाला नव्यानं सांगावं लागत नाही. मुतलाच्या कचेरीत एक रिकामटेकडा कारकून, अबू बाकिर, सहीचे कागद हातात धरून ड्रायव्हरची थट्टा करत बसतो. बसऱ्यात कौकब नावाची नर्तकी तुझ्यावर भाळलीय म्हणे, सांग की. ड्रायव्हरनं १९४८ च्या लढाईत आपलं पुरुषत्व गमावलेलं आहे. वाचकाला हे माहीत असतं, कारकुनाला नाही. टँकरच्या पत्र्याखाली मिनिटं जातात ती या थट्टेपायी. क्रूर कोणीच नाही, आणि तरी तिघे मरतात.

हे दृश्य केवळ कल्पनेवर उभं राहत नाही. कचेरीत शिक्का कुणाच्या हातात असतो, कागद कुठल्या टेबलावर अडतो, कारकून कशानं चेकाळतो, हे जवळून पाहिलेलं असावं लागतं. जिथे अंतर, मिनिटं आणि दिनार अचूक आहेत तिथे ही कादंबरी उंच जाते. रूपकं शोधणारे समीक्षक ड्रायव्हर म्हणजे नेतृत्व, टँकर म्हणजे अरब राजवटी असे तक्ते मांडतात. तक्ता चुकीचा नाही. पण तो आधी मांडला की कादंबरी वाचून होत नाही. आधी टँकरचा प्रवास म्हणून वाचा.

शेवटाबद्दल एक नेहमीची गफलत. ड्रायव्हर प्रेतं नगरपालिकेच्या उकिरड्यापाशी टाकतो, जेणेकरून ती लवकर सापडावीत आणि पुरली जावीत. परत वळून त्यांच्या खिशांतले पैसे आणि मरवानच्या हातातलं घड्याळ काढून घेतो. आणि मग ओरडतो: तुम्ही टाकीच्या भिंती का वाजवल्या नाहीत? हा प्रश्न लोक लेखकाचा निकाल म्हणून उद्धृत करतात. पण तो विचारतोय कोण? नुकतंच मेलेल्यांचं घड्याळ काढलेला माणूस. प्रश्न खरा आहे, पण विचारणारा निर्दोष नाही, आणि कनफानीनं हे जाणूनबुजून केलंय. तौफीक सालेहनं १९७२ मध्ये यावर 'फसवले गेलेले' हा चित्रपट काढला. त्यात आतली माणसं भिंत वाजवतात, पण कचेरीतल्या वातानुकूलन यंत्रांच्या घरघरीत ते ऐकूच जात नाही. तोवर सशस्त्र लढ्याला सुरुवात होऊन काही वर्षं झाली होती आणि 'पॅलेस्टिनी गप्प बसले' असं म्हणणं शक्य राहिलं नव्हतं. चित्रपट पाहून कादंबरीवर लिहिणारे इथे हमखास फसतात.

'तुमच्यासाठी उरलेलं' हे दुसरं टोक. हामिद गाझाहून वाळवंटातून चालत आईकडे निघालाय, घरी बहीण मरियम आणि तिच्यावर लादला गेलेला नवरा झकरिया. पात्रं पाच, असं लेखक स्वतः प्रस्तावनेत सांगतो: ही तीन माणसं, घड्याळ आणि वाळवंट. निवेदन एकाकडून दुसऱ्याकडे वाक्याच्या मध्येच सरकतं, आणि ते कळावं म्हणून छपाईत टाइप बदलला आहे. अमेरिकन कादंबरीकार विल्यम फॉकनरचा प्रभाव उघड आहे. तुमच्या हाती आलेल्या आवृत्तीत जाड-बारीक टाइपाचा फरक आहे की नाही हे आधी तपासा. नसेल तर ती प्रत बाजूला ठेवा, कारण कोण बोलतंय हेच कळणार नाही आणि दोष लेखकाच्या माथी जाईल. वर्तमानपत्राच्या भाषेपासून तो सर्वांत दूर गेला तो या पुस्तकात. पुढे तो पुन्हा सोप्या रचनेकडे आला. छावणीतला वाचक डोळ्यांसमोर असलेल्या संपादकाला ही किंमत परवडणारी नव्हती, असं मला वाटतं.

तोटा कुठे झाला? 'उम्म सअद'मध्ये. छावणीत राहणारी, घरकाम करणारी बाई, मुलगा फिदाईंमध्ये, म्हणजे सशस्त्र पॅलेस्टिनी लढवय्यांत, गेलेला. प्रस्तावनेत कनफानी सांगतो की ही बाई खरी आहे. तिचं बोलणं, चिखलानं भरलेली छावणी, द्राक्षवेलीची वाळकी काटकी रोवणं, हे सगळं जिवंत आहे. पण निवेदक तिच्यापुढे सतत शिष्यासारखा बसलेला असल्यानं तिला चुकायची मुभाच मिळत नाही. पान उलटता उलटता अग्रलेखाचा सूर लागतो. 'हैफाकडे परत'मध्ये हाच धोका आहे, पण तिथे प्रसंगच इतका अवघड निवडलाय की कादंबरी तगते. २१ एप्रिल १९४८ ला हैफाच्या धावपळीत सईद आणि सफिया यांचं पाच महिन्यांचं मूल घरात राहून जातं. १९६७ च्या युद्धानंतर सीमा खुली होते तेव्हा दोघं ते घर बघायला जातात. घरात मिरियम नावाची ज्यू बाई आहे, पोलंडहून आलेली, जिचे वडील आउश्विट्झमध्ये मारले गेले. तिनं ते मूल वाढवलंय. खल्दूनचा डोव्ह झालाय, इस्रायली सैन्याच्या गणवेशात. पहिला अर्धा भाग, म्हणजे घरातल्या वस्तू ओळखत फिरणं, उत्तम. मुलगा आल्यावरचा संवाद मात्र वादसभेसारखा. त्यातली 'माणूस म्हणजे एक भूमिका' ही ओळ फार गाजली, पण त्या पानांवर माणसं कमी आणि भूमिकाच जास्त आहेत.

याच पुस्तकाचं दोन्ही बाजूंनी वाटोळं होतं. मिरियमबद्दलची सहानुभूती पाहून कुणी त्याला समेटाची कथा म्हणतं, तर शेवटी सईद आपला दुसरा मुलगा फिदाईंकडे गेला असावा अशी आशा धरतो ते पाहून कुणी प्रचारपुस्तक. दोन्ही गोष्टी पुस्तकात आहेत. तेल अवीवच्या कामेरी रंगभूमीनं २००८ मध्ये याचं हिब्रू रूपांतर केलं, यावरून या प्रसंगात किती जागा आहे ते कळतं.

राजकीय लेखनात तीन पुस्तकं महत्त्वाची. प्रतिकाराच्या साहित्यावरचं १९६६ चं पुस्तक आज साधं वाटेल. तेव्हा इस्रायलमध्ये राहिलेल्या अरब कवींचं लेखन बाहेरच्या अरब वाचकांपर्यंत पोचत नव्हतं: टपाल नाही, पुस्तकव्यवहार नाही, आणि 'तिकडे राहिलेले' म्हणून संशय वेगळाच. महमूद दरवीश, समीह अल-कासिम, तौफीक झय्याद ही नावं बैरूत-कैरोच्या वाचकांपुढे एकत्र ठेवण्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात कनफानीचं. ही शुद्ध संपादकाची कामगिरी आहे. 'झायोनिस्ट साहित्याविषयी' (१९६७), म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं राष्ट्र उभारू पाहणाऱ्या चळवळीच्या साहित्याविषयीचं पुस्तक, इंग्रज कादंबरीकार जॉर्ज एलियटपासून अमेरिकन लिऑन युरिसपर्यंत आणि १९६६ मध्ये नोबेल मिळालेल्या हिब्रू लेखक अग्नोनपर्यंत येतं. राजकीय चळवळ उभी राहण्याआधी साहित्यानं तिची जमीन कशी नांगरली, हा त्याचा मुद्दा विचार करायला लावतो. मात्र त्याचा आधार इंग्रजीतली पुस्तकं आहेत, हिब्रू मूळ ग्रंथ नाहीत, हे धरून चाला.

तिसरं, १९३६ ते ३९ च्या पॅलेस्टिनी उठावावरचा १९७२ मधला दीर्घ निबंध, माझ्या लेखी सर्वांत भक्कम. उठाव का फसला याची कारणं तो तीन ठिकाणी शोधतो: स्थानिक प्रतिगामी नेतृत्व, आजूबाजूच्या अरब राजवटी, आणि ब्रिटिश साम्राज्य व झायोनिस्ट चळवळ यांची युती. आपल्याच नेतृत्वाला पहिल्या रांगेत उभं करणारा राजकीय लेखक विरळा. इथे जमिनीची मालकी, मजुरी, बेकारी यांचे आकडे आहेत, आणि ज्या नजरेनं 'उन्हातली माणसं'मध्ये दिनार मोजले तीच नजर इथे जमीन मोजते.

'अल-हदफ' हे पॉप्युलर फ्रंट या मार्क्सवादी सशस्त्र संघटनेचं साप्ताहिक होतं आणि कनफानी तिचा प्रवक्ताही होता. कादंबरीकार म्हणून त्याच्यावर प्रेम करणारे हा भाग पुसट करतात. तसं करू नये. १९७० मधली विमान अपहरणं या संघटनेची, आणि ३० मे १९७२ चा इस्रायलमधल्या लोद विमानतळावरचा हल्ला तिच्या वतीनं जपानी रेड आर्मीच्या तिघांनी केला. त्यात २६ माणसं मेली, बरेचसे प्वेर्तो रिकोचे यात्रेकरू. कनफानीनं बंदूक चालवली नाही, पण हे सगळं मांडणारा, समर्थन करणारा आवाज त्याचा होता. पाच-सहा आठवड्यांनी बैरूतच्या हाझमिये भागात घराबाहेर त्याच्या गाडीत स्फोट झाला. ही हत्या इस्रायली गुप्तचर संस्थेची मानली जाते. गाडीत त्याची १७ वर्षांची भाची लमीसही होती. लहानपणी तिच्या वाढदिवसाला त्यानं 'छोटा कंदील' ही गोष्ट लिहून, चित्रं काढून दिली होती. वय त्याचं ३६.

आता वाचायचं कुठून. इंग्रजीतून घ्यायचं तर हिलरी किलपॅट्रिकनं केलेल्या अनुवादाचा 'उन्हातली माणसं' हा संग्रह पहिला. त्यातली 'दुःखी संत्र्यांचा देश' आणि 'गाझाहून पत्र' या कथा कादंबरीच्या आधी वाचा, दोन्ही मिळून पाऊण तासाचं काम. 'गाझाहून पत्र' १९५६ ची, म्हणजे विशीतल्या लेखकाची. भावनेचा पाझर जास्त आहे, पण पुढच्या सात वर्षांत त्यानं काय काय गाळलं ते त्यावरून कळतं. मग बार्बरा हार्लो आणि कॅरन रायली यांच्या अनुवादातली 'हैफाकडे परत'. तिसऱ्या क्रमांकावर उठावावरचा निबंध घ्या आणि तो संपल्यावर 'उन्हातली माणसं'चे पहिले तीन भाग पुन्हा उघडा. 'तुमच्यासाठी उरलेलं' सर्वांत शेवटी, मे जय्यूसी आणि जेरेमी रीड यांचा अनुवाद. 'उम्म सअद' वगळली तरी चालेल.

समाजमाध्यमांवर त्याच्या नावे फिरणारी वचनं लेखात वापरू नका. अनेकदा कादंबरीतल्या पात्राचं वाक्य लेखकाचं मत म्हणून फिरत असतं. स्वतःच्या आवाजातला कनफानी हवा असेल तर १९७० मध्ये ऑस्ट्रेलियन पत्रकार रिचर्ड कार्लटननं बैरूतमध्ये घेतलेली मुलाखत पाहा. इस्रायलशी वाटाघाटींच्या सूचनेवर 'तलवार आणि मान यांच्यातलं संभाषण' हे उत्तर तिथलं. भिंतीवर पोस्टरं, खोलीत टेबल, इंग्रजी अडखळत पण नेमकं. प्रश्नातला प्रत्येक शब्द तो उत्तर देण्याआधी दुरुस्त करतो, आणि ही सवय रोज दुसऱ्यांची कॉपी तपासणाऱ्याचीच असते.

आणि 'प्रेमिक', 'आंधळा आणि बहिरा', 'एप्रिलचे जर्दाळू' या तीन कादंबऱ्या अर्धवट आहेत, समग्र वाङ्मयात तशाच छापल्यात. त्यांवरून त्याची पुढची दिशा सांगणारे लेख पुष्कळ निघालेत. ते वाचण्याआधी मूळ पानं वाचा.